मारहाणीनंतर वॉर्डात होणाऱ्या या चुका टाळा

रात्री अडीचला कॅज्युअल्टीत एका नातेवाइकाने सिस्टरच्या कानाखाली मारली. पोलीस आले, गर्दी पांगली, सिस्टरने थरथरत्या हाताने उरलेली इंजेक्शनं दिली. सकाळी ड्यूटी बदलताना, हँडओव्हरला, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचा पहिला प्रश्न: "तू काय बोललीस त्याला?"

सगळ्यात मोठी चूक ती हीच. विचारणारीला ती चौकशी वाटते, ऐकणारीला ठपका. त्यानंतर ती कुणाला काही सांगतच नाही, आणि मन खचायला सुरुवात होते ती तिथून. आधी तिला बसवा, पाणी द्या, तिचे पेशंट दुसरीकडे सोपवा. घरी एकटीला पाठवू नका. चौकशी दुपारीही होते. पुढच्या आठवड्यात तिची नाईट तिथेच लावायची की नाही, हे तिलाच विचारा. न विचारता केलेली बदली शिक्षेसारखीच लागते.

दुसरी चूक म्हणजे "शिव्याच दिल्या ना, हात तर नाही लावला" म्हणत नोंद टाळणं. दवाखान्यातल्या लोकांवरचे हल्ले रोखण्यासाठीच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात धमकावणं आणि कामात अडथळा आणणं हीसुद्धा हिंसाच आहे. गुन्हा अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड. कोलकात्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने बजावलं की ६ तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर व्हावा आणि जबाबदारी संस्थाप्रमुखाची. तरी आपल्याकडे मार खाल्लेलीच चौकीवर एकटी ताटकळते!

वॉर्डबॉय मामा, आया मावशी, गेटवरचा गार्ड यांना तर कुणी विचारतही नाही. पहिला धक्का बहुधा त्यांनाच बसतो.

आता लक्षणं. डबा तसाच परत जातो, झोप लागत नाही, नाईट बदलून मागितली जाते, कामात चुका होतात. आपण म्हणतो, "कामचुकार झाली." उदासी, कशातच रस नसणं दोन आठवडे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि औषधं हाताशी असतात म्हणून स्वतःच झोपेची गोळी सुरू करू नका. ही खास आपल्या लोकांची खोड.

स्वतःच्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत उभं राहायला संकोच वाटतो, कळतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पण कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर नुसता नंबर देऊन ड्यूटीवर जाऊ नका. तिच्याजवळ थांबा, दुसऱ्या कुणाला तरी डॉक्टरांना बोलवायला पाठवा.