स्फोट किंवा गोळीबारानंतरचा पहिला तास: रुग्णवाहिकेच्या आणि रुग्णालयाच्या पथकांसाठी

पहिल्या रुग्णवाहिकेतल्या पथकाने समोर दिसेल त्या जखमीला उचलून निघून जायचं नाही. कितीही अवघड वाटलं तरी हे पाळा. ती गाडी गेली की मागून येणाऱ्यांना कुठे थांबायचं, किती जखमी आहेत, आधी कोणाला न्यायचं हे सांगायला कोणी उरत नाही. चालकाने गाडी लांब, आडोशाला, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावावी आणि रेडिओ सांभाळावा. आत जाणाऱ्याने आधी कंट्रोल रूमला कळवायचं: मोठी दुर्घटना जाहीर करतो आहोत, नेमकं ठिकाण, प्रकार (स्फोट, गोळीबार की रसायन), अजून काय धोका आहे, गाड्यांनी कोणत्या रस्त्याने यावं आणि कोणत्या बाजूने बाहेर पडावं, जखमींचा अंदाजे आकडा, आणखी कोण हवं. आकडा चुकला तरी चालेल, नंतर सुधारता येतो. संदेशच गेला नाही तर पुढचं सगळं अडतं.

पहिल्या स्फोटानंतर मदतीला आलेल्यांसाठी दुसरा बॉम्ब ठेवलेला असू शकतो. म्हणून बेवारस पिशवीजवळ रेडिओ किंवा मोबाइल वापरू नका आणि जखमींना तिच्यापासून लांब न्या. गोळ्या चालू असलेल्या हॉट झोनमध्ये फक्त सशस्त्र पोलीस जातात. पण हल्लेखोर तिथून हटला, पूर्ण झडती मात्र बाकी आहे, अशा वॉर्म झोनमध्ये पोलिसांच्या संरक्षणात वैद्यकीय पथक गेलंच पाहिजे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये 2017 साली एका संगीत कार्यक्रमाच्या शेवटी झालेल्या बॉम्बस्फोटात 22 माणसं मारली गेली. पहिली 40 मिनिटं स्फोटाच्या दालनात एकच पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचारी) होता, असं तिथल्या चौकशीत स्पष्ट झालं. मांडीची मोठी धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांत जातो. परिसर पूर्ण सुरक्षित जाहीर होईपर्यंत थांबणं त्याला परवडत नाही.

ट्रायज म्हणजे कोणाला आधी उपचार हवेत हे ठरवून जखमींची वर्गवारी. ती करताना एका जखमीला तीस सेकंद, फार तर एक मिनिट. आधी मोठ्याने सांगा, ‘ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या भिंतीपाशी या.’ त्यांना हिरवा टॅग. बाकी टॅगमध्ये लाल म्हणजे आधी न्यायचा, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकणारा, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. उरलेल्यांना क्रमाने तपासा. श्वास नसेल तर मान सरळ करून श्वासमार्ग एकदा उघडा. तरीही श्वास आला नाही तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. ‘माझा हात दाबा’ एवढी साधी सूचना पाळता येत नसेल तरी लाल. बाकीचे पिवळे. नख दाबून सोडल्यावर त्याचा रंग परत यायला लागणारा वेळ मोजू नका. अंधारात आणि थंडीत तो फसवतो, नाडी बरी. लहान मुलांना हे आकडे लागू पडत नाहीत. मुलाचा श्वास थांबलाय पण नाडी आहे, तर पाच श्वास देऊन पाहा आणि मगच काळा टॅग लावा.

ट्रायज करणाऱ्याने दोनच उपचार करायचे: श्वासमार्ग उघडणं आणि धो-धो वाहणारं रक्त थांबवणं. छाती दाबत बसू नका. एका माणसापाशी गेलेल्या दहा मिनिटांत शेजारचे दोघे रक्तस्रावाने दगावतात. आणि टॅग एकदा लावून मोकळं होऊ नका, पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. दर फेरीत पुन्हा तपासा.

हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट (दांडी पिळून आवळायचा पट्टा) जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर बांधा. सांध्यावर नको, भरलेल्या खिशावर नको. जखम नेमकी दिसत नसेल तर कपड्यांवरूनच हातापायाच्या अगदी वरच्या टोकाला. दांडी रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी जाईपर्यंत पिळायची. नेहमीची चूक म्हणजे ढिला बांधणं. त्याने शिरा दबतात, धमनी चालू राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. दुखतं म्हणून सैल करू नका. एकाने भागलं नाही तर त्याच्या वर दुसरा बांधा. बांधल्याची वेळ टॅगवर किंवा कपाळावर लिहा. जांघेत आणि काखेत टूर्निकेट बसत नाही. तिथे गॉज (जखमेत भरायचं जाळीदार कापड) बोटाने थेट रक्त येतंय त्या तळापर्यंत कोंबून, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबा: रक्त गोठवणारं गॉज असेल तर किमान तीन मिनिटं, साधं असेल तर दहा. मध्ये उचलून बघायचं नाही.

छातीला भोक असेल तर चेस्ट सील (भोक हवाबंद करणारी चिकटपट्टी) लावा. त्यानंतर धाप वाढू लागली तर सीलची कड उचलून हवा जाऊ द्या. मोठा रक्तस्राव असलेल्याला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) 1 ग्रॅम, दहा मिनिटांत, शिरेतून, जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत. त्यानंतर देऊ नका, अपाय होऊ शकतो. ओले कपडे काढून जखमीला गुंडाळा, थंड शरीरात रक्त गोठत नाही.

स्पेनमधल्या माद्रिदमध्ये 11 मार्च 2004 रोजी रेल्वेगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर एकट्या ग्रेगोरिओ मारान्योन रुग्णालयात 312 जखमी गेले. जवळचं रुग्णालय असंच भरतं, कारण चालता येणारे तिथे स्वतःच, रुग्णवाहिकेच्याही आधी पोहोचतात. म्हणून वाहतुकीसाठी वेगळा अधिकारी नेमा. कोणत्या रुग्णालयात किती लाल गेले ते त्याने फळ्यावर लिहावं आणि लाल टॅगवाले वाटून पाठवावेत.

रुग्णालयात आत येण्याचं दार एकच ठेवा आणि तिथे अनुभवी सर्जनने नव्याने ट्रायज करावं. नावाची वाट न बघता आधीच छापून ठेवलेला क्रमांक मनगटावर बांधा. रक्त, नमुने, एक्स-रे सगळं त्याच क्रमांकावर. ओ निगेटिव्ह रक्त मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी राखा, पुरुषांना ओ पॉझिटिव्ह द्या. शस्त्रक्रिया रक्तस्राव आणि जखमेतलं दूषण (घाण पसरणं) थांबवण्यापुरतीच, जोडकाम नंतर.

रसायनाची शंका असेल तर कपडे दाराबाहेर काढा, बहुतेक विष कपड्यांबरोबरच जातं. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 1995 साली झालेल्या सरिन या विषारी रसायनाच्या हल्ल्यानंतर सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी सहाशेहून जास्त लोक आले. त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने तिथल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला.

हिरव्या टॅगवाल्यांना लगेच घरी सोडू नका. कानाचा पडदा शाबूत असला तरी स्फोटाच्या दाबाने फुप्फुसाला इजा झालेली असू शकते आणि ती काही तासांनी दिसते. बंद खोलीत किंवा रेल्वेच्या डब्यात स्फोट झाला असेल तर ही शक्यता आणखी जास्त. खोकला, धाप किंवा ऑक्सिजनची घसरण दिसली की एक्स-रे काढा. शिरेतून भरमसाट सलाइन देऊ नका. व्हेंटिलेटर लावायची वेळ आलीच तर दाब कमीत कमी ठेवा, नाहीतर फाटलेल्या फुप्फुसातून हवा छातीत किंवा रक्तात शिरते.