न खपलेलं सॉफ्टवेअर खुलं करण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी किंवा निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर खपलं नाही, तर कोड ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही बघता, वापरता आणि बदलता येईल असा खुला, करावा का? आधी एवढंच बघा: ते रोज वापरणारं कोणी आहे का? फुकट देऊनही कोणी उघडत नसेल, तर कोड खुला केल्याने माणसं येणार नाहीत. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं-ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी १ लाख युरो उभे करून कोड सोडवून घेतला. ती माणसं आधीपासून होती.

वापरणारे असतील तर जरूर खुलं करा, पण गिटचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास तपासा. आजच्या फाइलमधून काढलेला डेटाबेसचा पासवर्ड, गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या बदलामध्ये) तसाच सापडतो. मला विचाराल तर इतिहास न घेता नवी रेपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) काढावी, आणि पासवर्ड तरीही बदलावेत. भागीदारांची लेखी संमती घ्या. कोणी तुमचा कोड आपल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये घालून विकलेला चालणार नसेल तर जीपीएल हा परवाना लावा, चालत असेल तर एमआयटी. मराठी-कन्नड बिल छापणारा भाग सुटा करता येत असेल, तर आधी तोच द्या. खानापूर-चिकोडीकडच्या दुकानदारांना तो लगेच उपयोगी पडेल.