पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्यात प्राध्यापक व्हायचंय? प्रबंधाचा विषय सोलापुरातच शोधा

जनावरांतून माणसांत येणारे आजार, दूध-मांसाची सुरक्षितता आणि साथींचा माग, हे या शाखेचं काम. सुरुवातीची वाट सगळ्यांना सारखीच: नीट, साडेपाच वर्षांचं बी.व्ही.एस्सी. (त्यात एक वर्ष इंटर्नशिप), मग दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. सोलापूरकरांना माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) शिरवळ आणि उदगीर ही महाविद्यालयं त्यातल्या त्यात जवळची. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) प्रवेश परीक्षेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या आयव्हीआरआयचं (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) दारही उघडतं.

खरा फरक एम.व्ही.एस्सी.च्या प्रबंधाने पडतो. नमुने आपल्या जिल्ह्यात मिळतील असा विषय घ्या, उदाहरणार्थ पंढरपुरी म्हशींतला ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरं गाभडवणारा आणि माणसांनाही होणारा जिवाणूंचा आजार. सांगोल्याच्या बाजारात एका दिवसात भरपूर नमुने मिळतील, पण ते टाळा. गाभडलेलं जनावर लोक विकायला काढतात आणि खरं कारण सांगत नाहीत. तिथलं प्रमाण जिल्ह्याचं म्हणून लिहिलंत तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. गोठ्यावर जा.

किती नमुने? अंदाजे प्रमाण 10 टक्के आणि चूक अधिक-उणे 5 टक्के धरली, तर 95 टक्के विश्वासपातळीला 139. इथेच बहुतेक जण थांबतात. एका दावणीची जनावरं एकमेकांना संसर्ग देतात, म्हणून ती सुटी मोजता येत नाहीत. गोठ्यामागे 5 जनावरं आणि गोठ्यांतर्गत सहसंबंध (एका गोठ्यातली जनावरं एकमेकांसारखी निघण्याचं माप) 0.2 धरला तर 1 + (5 − 1) × 0.2, म्हणजे 1.8 ने गुणा: सुमारे 250.

रक्त साध्या नळीत घ्या, नळी तिरकी ठेवून गुठळी होऊ द्या, सिरम (गुठळीतून सुटणारा पिवळसर द्रव) वेगळं केल्यावरच बर्फात घाला. ताजं रक्त बर्फावर ठेवून खडबडीत रस्त्याने आणलं तर पेशी फुटतात आणि लाल सिरम वाया जातं. उन्हाळ्यात सकाळीच फिरा. रोज बेंगॉल ही ब्रुसेलोसिसची प्राथमिक चाचणी; गुठळ्या दिसल्या तर नमुना पॉझिटिव्ह. तीत सिरम आणि अँटिजेन (चाचणीचं रंगीत द्रावण) आधी खोलीच्या तापमानाला आणा, दोन्ही समप्रमाणात मिसळा, 4 मिनिटांनी लगेच वाचा. उशिरा वाचलेल्या कडा कोरड्या पडून फसवतात. ब्रुसेलोसिसची एस-19 लस टोचलेलं जनावरही पॉझिटिव्ह दिसू शकतं, म्हणून कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक टिपून लसीकरणाची नोंद तपासा. पॉझिटिव्ह नमुन्यांची एलायझाने (प्रतिपिंडं शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) खातरजमा करा. दुधाची रिंग चाचणी (सायीच्या थरात रंगीत कडं दिसतं का ते पाहायची) शेळीला लावू नका, तिच्या दुधात साय नीट वर येत नाही. हातमोजे नेहमीच; वार अडकलेल्या जनावरापाशी तर नक्कीच.

गोठेवाल्यांचं रक्तही तपासायचं असेल तर मानवी नैतिकता समितीची मंजुरी लागते. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला सहमार्गदर्शक मिळवलात तर हे काम सोपं होतं. मात्र अर्ज पहिल्या सत्रातच करा. नमुने घेऊन झाल्यावर समिती मागच्या तारखेची मंजुरी देत नाही.

पुढे एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा: दोन तासांत 150 प्रश्न, चुकीला एक तृतीयांश गुण वजा. प्रबंधासाठी साथरोगशास्त्र मनापासून केलं असेल तर चाचणीची संवेदनक्षमता (आजारी ओळखण्याची क्षमता), विशिष्टता (निरोगी ओळखण्याची क्षमता) आणि आजाराचा प्रादुर्भाव यांची गणितं हातखंडा होतात. पीएच.डी. करताना प्रात्यक्षिकांचे तास मागून घ्या आणि शिकवल्याचं प्रमाणपत्र विभागप्रमुखांकडून त्याच सत्रात घ्या. सहायक प्राध्यापकाच्या अर्जाला ते जोडायची वेळ येते, तेव्हा सही करणारे बदलून गेलेले असतात.