हॉट, वॉर्म, कूल, कोल्ड : या चुका टाळा

कढत दुधात विरजण लावू नये, दूध कोमट हवं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण तोच माणूस इंग्रजी रेसिपी उघडून पाव करायला बसला, की 'वॉर्म वॉटर' वाचून वाफाळतं पाणी घेतो आणि त्यात यीस्ट घालतो. पीठ फुगत नाही, आणि बोलणी खातं यीस्टचं पाकीट. साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअसला यीस्ट मरतं. रेसिपीतलं 'वॉर्म' म्हणजे बोट बुडवल्यावर बरं वाटेल इतपत ऊन, आणि 'ल्यूकवॉर्म' म्हणजे आपलं कोमट.

शाळेत आपण गरम म्हणजे हॉट आणि थंड म्हणजे कोल्ड एवढंच घोकलं, तिथून हा घोळ सुरू होतो. खरं तर ऊन, कोमट, कढत, गार, थंडगार असे बारकावे मराठीतही आहेत. इंग्रजी बोलताना मात्र ते घरीच राहतात. हवेबद्दल बोलताना 'वॉर्म' आणि 'कूल' बहुधा सुखाचे असतात, 'हॉट' आणि 'कोल्ड' टोकाचे. मे महिन्यातल्या महाबळेश्वरच्या संध्याकाळी 'कूल' असतात. त्यांना 'कोल्ड' म्हणालात तर पाहुणे कानटोप्या घेऊन येतील. गरम कपडे म्हणजे 'वॉर्म क्लोद्ज'. 'हॉट क्लोद्ज' म्हटलं तर नुकती इस्त्री फिरवलेले, किंवा भलतंच काहीतरी.

औषधांच्या बाबतीत हा फरक महागात पडू शकतो. इंडियन फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांचे अधिकृत निकष सांगणाऱ्या आपल्या देशाच्या ग्रंथाच्या हिशेबाने 'कूल' म्हणजे 8 ते 25 अंश, तर 'कोल्ड' म्हणजे 8 अंशांपर्यंत, आणि फ्रिजचं तापमान 2 ते 8. 'स्टोअर इन अ कूल प्लेस' लिहिलेली बाटली वेगळी सूचना नसेल तर फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते. उलट मात्र चालत नाही. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांतच हवं. 'कपाटातही गारच असतं की' म्हणून ते तिथे ठेवू नये. आणि जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. इन्सुलिन गोठलं की वाया गेलं, म्हणून खोक्यावर 'डू नॉट फ्रीझ' असतं. फ्रीझरच्या कप्प्याला चिकटवूनही ठेवू नका.

माणसांबद्दल बोलताना आणखी जपावं लागतं. थंडी वाजत असेल तर 'आय ॲम कोल्ड' किंवा 'आय फील कोल्ड'. 'आय हॅव अ कोल्ड' म्हणालात तर तुम्हाला सर्दी झाली आहे. 'शी इज कोल्ड' याचा अर्थ तिचा स्वभाव तुटक आहे, असाही होतो. उकडत असेल तर 'इट्स हॉट इन हिअर' म्हणावं. 'आय ॲम हॉट' व्याकरणात बसतं, पण ऐकणारा गालात हसण्याची शक्यता आहे. हवा दमट असेल, अंग चिकचिकत असेल, तर नुसतं 'हॉट' पुरत नाही, 'ह्युमिड' म्हणा. मुंबईकराला हा शब्द वर्षातले बरेच महिने लागतो.

'टेंपरेचर इज व्हेरी हॉट' हे तर सर्रास ऐकू येतं. हवा हॉट असते. तापमान हा आकडा, तो 'हाय' किंवा 'लो' असतो. ताप आलाय या अर्थाने 'आय हॅव अ टेंपरेचर' म्हणणं मात्र चूक नाही. काही शिक्षक उगाच त्यावर लाल रेघ मारतात.

नुकत्याच लंडनला गेलेल्यांना 'माइल्ड' हा शब्द गोंधळात पाडतो. जानेवारीत 12 अंश असले की तिथला शेजारी खुशीत 'माइल्ड टुडे' म्हणतो. नाशकात त्याच आकड्याला आपण शेकोटी पेटवतो! 'माइल्ड' म्हणजे त्या ऋतूच्या मानाने सौम्य.

आणि 'चिली'. नकोशी वाटणारी, अंगावर शिरशिरी आणणारी थंडी म्हणजे 'चिली', 'कूल'पेक्षा एक पायरी खालची. मिरचीचा उच्चारही हाच, पण ब्रिटिश पद्धतीच्या स्पेलिंगमध्ये मिरचीच्या शेवटी आय येतो आणि थंडीच्या शेवटी वाय. आपल्याकडच्या कित्येक मेनूकार्डांवर वायवालं 'चिली चिकन' असतं, म्हणजे अक्षरशः थंडीने कुडकुडणारं चिकन.