'ग्रॅब' कुठं, 'स्नॅच' कुठं

लातूरच्या बसस्थानकात एसटी लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, ते 'ग्रॅब'. दौलताबादच्या किल्ल्यावर वानरानं पिशवी हिसकावली, ते 'स्नॅच'. यात बहुधा दुसऱ्याच्या हातातलं ओढून घेणं आलं. वाक्यच पाठ करा: 'द मंकी स्नॅच्ट द बॅग फ्रॉम हर.' आधी वस्तू, मग 'फ्रॉम', मग माणूस. स्पॅनिश बोलणारे इथं अडखळतात, कारण त्यांच्या भाषेत या जागी 'फ्रॉम'सारखा शब्द येत नाही. उच्चारातही ते सुरुवातीला 'ए' लावून 'एस्नॅच' म्हणतात; आपल्याकडं स्टेशनचं 'ठेसन' होतं, सुरुवातीचा 'स'च गळतो. दोघांनाही उपाय एकच: 'स्' लांबवा आणि न थांबता 'नॅच' जोडा. भूतकाळात 'स्नॅचेड' अजिबात नको.