परफटेस्टची नवी आवृत्ती घेताना जुनी मापे कशी सांभाळावीत

मेसेज ब्रोकरची (एका प्रोग्रामकडून संदेश घेऊन दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरची) क्षमता मोजणारे कमांड-लाइन साधन अद्ययावत करणे हे वरवर पाहता दोन मिनिटांचे काम आहे. डॉकरची (प्रोग्राम त्याच्या सर्व गरजांसह वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या सोयीची) नवी इमेज, म्हणजे त्या डब्याचा तयार साचा, उतरवून घ्यायची आणि जुनीच आज्ञा पुन्हा चालवायची, एवढेच. अडचण त्यानंतर सुरू होते. गेल्या वर्षीच्या तक्त्यातल्या आकड्यांशी आजचे आकडे जुळत नाहीत, आणि हा फरक ब्रोकरमुळे पडला, साधनामुळे पडला की ज्या संगणकावर चाचणी घेतली त्याच्यामुळे पडला, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. रॅबिटएमक्यू या ब्रोकरसाठी असलेल्या परफटेस्ट या साधनाची नवी आवृत्ती कोणत्या क्रमाने आणावी, हे येथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संकलनाचे उदाहरण धरून सांगितले आहे. आज्ञेसोबत द्यायच्या पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती रोमन लिपीत, आधी दोन आडव्या रेघा देऊन आणि दोन शब्दांमध्ये जोडरेघ घालून लिहायची असतात.

पहिले काम जुनी आवृत्ती जपून ठेवण्याचे. डॉकर वापरत असल्यास 'लेटेस्ट' हा टॅग (इमेजची आवृत्ती सांगणारी खूणचिठ्ठी) मोजमापाच्या कोणत्याही स्क्रिप्टमध्ये असू नये, कारण त्या शब्दामागची इमेज कधी बदलली हे नंतर कळण्याची सोय राहत नाही. आवृत्तीचा नेमका क्रमांक टॅग म्हणून लिहावा, आणि प्रत्येक चाचणीच्या नोंदीत 'व्हर्जन' या पर्यायाने छापून येणारा मजकूर वरच चिकटवावा. जार फाइल (जावा भाषेतल्या प्रोग्रामची एकत्र बांधलेली फाइल) थेट चालवणाऱ्यांनी जावाची आवृत्तीही नोंदवावी. एके काळी जावा ८ वर हे साधन चालत असे, पुढच्या आवृत्त्यांना जावा ११ किंवा त्यापुढची लागू लागली. म्हणजे साधन बदलताना पुष्कळदा जावाही बदलते, आणि मग एकाऐवजी दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. डॉकरच्या इमेजमध्ये जावा आतच असल्यामुळे हा बदल तर नजरेआडच होतो.

दुसरे काम म्हणजे आउटपुट नीट वाचणे. जुन्या आवृत्त्या दर सेकंदाच्या ओळीत किमान, सरासरी आणि कमाल लेटन्सी (संदेश पोचायला लागलेला वेळ) छापत असत. नंतरच्या आवृत्त्या किमान, मध्यक आणि ७५, ९५ व ९९ वे पर्सेंटाइल (९९ वे म्हणजे शंभरातले ९९ संदेश ज्या वेळेच्या आत पोचले ती वेळ) छापतात. ज्यांच्या स्क्रिप्टने तिरक्या रेघांनी तोडलेल्या आकड्यांतला दुसरा आकडा उचललेला असतो, त्यांच्या तक्त्यात एके दिवशी सरासरीच्या जागी मध्यक येऊन बसतो आणि स्क्रिप्ट मात्र बिनतक्रार चालू राहते. पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरने पाठवणाऱ्याला दिलेली संदेशाची पोच) वापरत असल्यास त्याच ओळीत कन्फर्मच्या लेटन्सीचा वेगळा गटही येतो. पुढे 'मेट्रिक्स-फॉरमॅट' हा पर्याय आला आणि त्याला 'कॉम्पॅक्ट' असे मूल्य दिले की आटोपशीर रकाने मिळतात. ते डोळ्यांना बरे वाटतात, पण जुन्या स्क्रिप्टला ते वाचता येणार नाहीत. माझ्या मते स्क्रिप्ट आधी दुरुस्त करावी, आवृत्ती नंतर बदलावी. टर्मिनलवरच्या ओळी कापून आकडे काढण्यापेक्षा 'आउटपुट-फाइल' या पर्यायाने मिळणारी फाइल किंवा प्रोमीथिअस या मापे साठवणाऱ्या साधनाला दिलेली मेट्रिक्स वापरली, तर असा घोळ कमी होतो.

आता मुख्य टप्पा. ब्रोकरला हात न लावता, त्याच संगणकावरून, त्याच आज्ञेने आधी जुनी आवृत्ती, मग नवी आणि मग पुन्हा जुनी अशा तीन फेऱ्या घ्याव्यात. साखर कारखान्यात नवा काटा बसला, तर तीच भरलेली ट्रॉली दोन्ही काट्यांवर चढवून पाहिल्याशिवाय कोणताही ऊसउत्पादक त्या वजनावर विश्वास ठेवणार नाही. येथेही तोच न्याय लावावा. तिसरी फेरी अनेकांना फालतू वाटते, पण तिच्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतच जर मोठा फरक आला, तर यंत्र किंवा नेटवर्क स्थिर नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि मधल्या फेरीबद्दल बोलण्यात हशील नाही. पावसाळ्यात वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि अनेक लॅपटॉप अशा वेळी प्रोसेसरचा वेग आपोआप कमी करतात. यूपीएस नसलेल्या कार्यालयात घेतलेल्या कितीतरी मापांचे रहस्य एवढेच असते.

या तिन्ही फेऱ्यांसाठी काही पथ्ये पाळावीत. चाचणीचे साधन आणि ब्रोकर एकाच संगणकावर असू नयेत, नाहीतर दोघे प्रोसेसरसाठी एकमेकांशी भांडतात. जावाचे यंत्र तापायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटाच्या ओळी हिशेबात धरू नयेत. शेवटी छापल्या जाणाऱ्या सरासरीत मात्र त्या धरलेल्या असतात, त्यामुळे 'टाइम' या पर्यायाने फेरी किमान पाच-दहा मिनिटांची ठेवावी. प्रत्येक फेरीपूर्वी आधीची क्यू (ब्रोकरमधली संदेशांची रांग) काढून टाकावी. आणि टर्मिनलमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामना आपोआप मिळणारी, नाव दिलेली मूल्ये) तपासावीत. परफटेस्टचे पर्याय मोठ्या अक्षरांतल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनेही देता येतात, ही कुबरनेटिससाठी (अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीसाठी) केलेली उत्तम सोय आहे; पण कोणीतरी कंटेनरमध्ये 'रेट' (पाठवण्याचा वेग) नावाचे व्हेरिएबल आधीच ठेवलेले असेल, तर आज्ञेत न लिहिलेली मर्यादा गुपचूप लागू होते.

डॉकरने पहिल्यांदाच चालवणाऱ्यांना हमखास अडवणारी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः, ब्रोकर नव्हे. आणि ब्रोकरचा खरा पत्ता दिला तरी 'गेस्ट' हा वापरकर्ता मूळ मांडणीत फक्त त्याच यंत्रावरून आत येऊ शकतो. म्हणून चाचणीसाठी वेगळा वापरकर्ता आणि वेगळा व्हर्च्युअल होस्ट (ब्रोकरमधला स्वतंत्र कप्पा) तयार करून ते दोन्ही 'यूआरआय' (ब्रोकरचा पूर्ण पत्ता) या पर्यायात द्यावेत. पोर्ट ५६७२ असतो, टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) असल्यास ५६७१.

तिन्ही फेऱ्या जुळल्या की साधनाचा प्रश्न मिटला. पण साधन बदलण्याची वेळ बहुधा ब्रोकर बदलताना येते, आणि तेथे आज्ञाच बदलावी लागते. रॅबिटएमक्यू ४.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिच्यात क्लासिक क्यूचे मिररिंग (जुन्या प्रकारच्या क्यूची प्रत अनेक नोडवर, म्हणजे ब्रोकरच्या अनेक यंत्रांवर, ठेवणे) काढून टाकण्यात आले. म्हणजे जुन्या चाचणीत पॉलिसी (ब्रोकरवरचा नियम) लावून तीन नोडवर आरसा धरलेली क्यू वापरली जात असेल, तर नव्या ब्रोकरवर तीच आज्ञा एकाच नोडवरची क्यू मोजेल आणि आकडे अचानक फार छान दिसू लागतील. तुलना करायची असेल तर नवी मापे क्वोरम क्यूवर (बहुसंख्य नोडच्या संमतीने प्रती ठेवणाऱ्या क्यूवर) घ्यावीत. परफटेस्टमध्ये त्यासाठी 'क्वोरम-क्यू' हा पर्याय आहे. तो दिला की संदेश पर्सिस्टंट होतात (डिस्कवर लिहिले जातात), क्यूचा प्रकार क्वोरम ठरतो आणि क्यू आपोआप पुसली जाणे बंद होते. हे तिन्ही पूर्वी वेगवेगळे लिहावे लागत. ब्रोकरची काही मूळ मूल्येही ४.० मध्ये बदलली आहेत: मेमरीची वरची मर्यादा उपलब्ध मेमरीच्या ०.४ पटींवरून ०.६ पट झाली आणि संदेशाचा कमाल आकार १६ मेबीबाइटवर आला. मेमरीची मर्यादा ओलांडली की ब्रोकर पाठवणाऱ्यांना थांबवतो. त्यामुळे साचलेल्या संदेशांची चाचणी नव्या ब्रोकरवर जुन्यापेक्षा उशिरा अडखळू शकते, आणि त्याचे श्रेय साधनाच्या आवृत्तीला देऊ नये.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मोजायचे काय? परफटेस्ट काही न सांगता चालवले तर ते एक प्रोड्युसर (संदेश पाठवणारा) आणि एक कन्झ्युमर (संदेश घेणारा) उभा करून जेवढ्या वेगाने जमेल तेवढ्या वेगाने १२ बाइटचे संदेश ढकलते. त्या १२ बाइटमध्ये अनुक्रमांक आणि वेळेची खूण यांखेरीज काहीही नसते. यातून मिळणारा प्रचंड आकडा सादरीकरणात शोभून दिसतो, पण आपल्या कामाशी त्याचा संबंध नसतो.

दूध संकलनाचे गणित मांडून पाहू. सकाळ-संध्याकाळ गावातले सभासद केंद्रावर दूध घालतात. प्रत्येकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) मोजले की एक संदेश मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो आणि दहा दिवसांच्या बिलात तोच पैसा होऊन दिसतो. समजा १,२०० केंद्रे आहेत आणि गर्दीच्या वेळी प्रत्येक केंद्रातून दर दहा सेकंदांना एक संदेश निघतो. सगळे मिळून सेकंदाला १२० संदेश झाले. रॅबिटएमक्यूच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. तेव्हा कमाल वेग किती हे येथे विचारण्याजोगेच नाही. सेकंदाला १२० संदेश येत असताना ९९ वे पर्सेंटाइल किती, एकही संदेश हरवत नाही ना, आणि १,२०० जोडण्या एकदम उघडल्या तर ब्रोकर कसा वागतो, हे विचारायचे.

त्यासाठीची आज्ञा अशी बांधावी. 'प्रोड्युसर्स' १२००, 'पब्लिशिंग-इंटरव्हल' १० सेकंद, आणि 'प्रोड्युसर-रँडम-स्टार्ट-डिले' ३० सेकंद, म्हणजे सगळी केंद्रे एकाच क्षणी बोलणार नाहीत. 'साइज' प्रत्यक्ष जेसनएवढा (केंद्राकडून येणाऱ्या संदेशाच्या मजकुराएवढा), उदाहरणार्थ २५० बाइट. 'कन्फर्म' या पर्यायाला एक असे मूल्य द्यावे, कारण केंद्रावरचे यंत्र आधीच्या संदेशाची पोच मिळेपर्यंत पुढचा पाठवत नाही असे आपण धरतो आहोत. क्यू क्वोरम प्रकारची, नाव ठरवून दिलेली. 'क्यूओएस' (पोच न देता कन्झ्युमरला एका वेळी किती संदेश मिळावेत याची मर्यादा) कधीही मोकळा सोडू नये. मर्यादा दिली नाही तर ब्रोकर साचलेले सगळे संदेश पहिल्याच कन्झ्युमरच्या पदरात टाकतो. ५० पासून सुरुवात करावी. हजारो जोडण्यांसाठी 'हार्टबीट-सेंडर-थ्रेड्स' (जोडणी जिवंत असल्याची खूण पाठवणारे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधले समांतर धागे) मर्यादित ठेवण्याचा पर्याय आहे, तोही वापरावा, नाहीतर प्रत्येक जोडणीमागे एक थ्रेड उभा राहून चाचणी घेणारे यंत्रच आधी दमते. सकाळच्या गर्दीचा चढ-उतार पाहायचा असेल तर 'व्हेरिएबल-रेट' हा पर्याय वेग आणि सेकंद अशा जोड्या घेतो आणि त्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरू करतो.

खरी परीक्षा साचलेल्या संदेशांची. गगनबावड्याच्या पावसात मोबाइलचे नेटवर्क तासभर गेले असे धरू. ३०० केंद्रांवर संदेश साठत राहिले. मिनिटाला सहा या हिशेबाने तासाभरात १,०८,००० संदेश झाले आणि नेटवर्क येताच ते एकदम ब्रोकरवर आदळले. घेणारा प्रोग्राम सेकंदाला ५०० संदेश डेटाबेसमध्ये लिहू शकत असेल आणि त्याच वेळी १२० नवे येत असतील, तर ढीग सेकंदाला ३८० ने कमी होतो. म्हणजे तो संपायला सुमारे पावणेपाच मिनिटे लागली पाहिजेत. चाचणीत यापेक्षा लक्षणीय वेळ लागला, तर कोठेतरी अडथळा आहे.

हे परफटेस्टने पाहण्यासाठी आधी 'कन्झ्युमर्स' शून्य ठेवून 'पीमेसेजेस' या पर्यायाने १,०८,००० संदेश क्यूत भरावेत. ही संख्या प्रत्येक प्रोड्युसरला लागू होते, तेव्हा भरताना प्रोड्युसर एकच ठेवावा. मग सेकंदाला १२० संदेश पाठवणारा प्रोड्युसर आणि एक कन्झ्युमर चालू करावा. 'कन्झ्युमर-लेटन्सी' हे मूल्य मायक्रोसेकंदात असते, म्हणून २००० दिले की एक कन्झ्युमर सेकंदाला जास्तीत जास्त ५०० संदेश हाताळतो. प्रोड्युसर वेगळ्या प्रक्रियेतून चालवत असल्यास क्यूचे नाव आणि 'राउटिंग-की' (संदेश कोणत्या क्यूत जावा हे ठरवणारी खूण) दोन्हीकडे तंतोतंत सारखी द्यावी. न दिल्यास प्रत्येक वेळी यादृच्छिक की तयार होते. नवे संदेश न पाठवता नुसता ढीग उपसून पाहायचा असेल, तर 'एक्झिट-व्हेन' ला 'एम्प्टी' हे मूल्य द्यावे, म्हणजे क्यू रिकामी होताच साधन स्वतःहून थांबते.

दोन्ही बाजू दोन वेगळ्या संगणकांवर असतील, तर लेटन्सीचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. साधन एरवी जे घड्याळ वापरते ते त्या एका यंत्रापुरतेच खरे असते. अशा वेळी 'यूझ-मिलिस' हा पर्याय दोन्हीकडे द्यावा, दोन्ही यंत्रे एनटीपीने (घड्याळे जुळवणाऱ्या नेटवर्क सेवेने) जुळवून घ्यावीत, आणि अहवालात एकक मिलिसेकंद झाले हे ठळकपणे लिहावे. मायक्रोसेकंद समजून मिलिसेकंद वाचणाऱ्याला नवी आवृत्ती हजारपट वेगवान वाटते.

वेग ठरवून घेतलेल्या प्रत्येक चाचणीत एक नजर प्रत्यक्ष पाठवलेल्या वेगावर टाकावी. सेकंदाला १२० मागितले आणि १०० च गेले, तर ब्रोकर फ्लो कंट्रोल लावतो आहे (पाठवणाऱ्यांचा वेग मुद्दाम कमी करतो आहे) किंवा चाचणीचे यंत्र अपुरे पडते आहे. अशा फेरीतली लेटन्सी कितीही सुरेख असली तरी ती बाद धरावी. १५६७२ या पोर्टवरच्या मॅनेजमेंट पानावर जोडणीची स्थिती 'फ्लो' अशी दिसत असेल तर कारण ब्रोकरच्या बाजूला शोधावे.

नव्या आवृत्तीवर विश्वास बसला की तिन्ही फेऱ्यांचे आउटपुट, संपूर्ण आज्ञा, ब्रोकरची आणि तो ज्यावर चालतो त्या एर्लांगची आवृत्ती हे सर्व त्याच गिट रिपॉझिटरीत ठेवावे जिथे स्क्रिप्ट आहे. जुनी इमेज लगेच पुसू नये. पावसाळा आला की साचलेल्या संदेशांची चाचणी दोन्ही आवृत्त्यांनी आणखी एकदा घ्यावी, आणि जुळल्यावरच ती काढून टाकावी.