भाताच्या धूळवाफ पेरणीकडे वळण्यापूर्वी

लावणीला माणसे मिळेनाशी झाल्यामुळे कोकणात अनेक शेतकरी भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे रोपे न लावता कोरड्या जमिनीत थेट बी पेरणे, करू पाहतात आणि त्यांचा विचार रास्त आहे; मात्र पद्धत बदलली की खाचरातले तणही बदलते, हे गृहीत धरूनच तयारी करावी. लावणीत तीन-चार आठवड्यांचा तरवा (वेगळ्या वाफ्यात वाढवलेली रोपे) चिखलात जातो, वर पाणी साचते आणि पाखडाचे, म्हणजे भातासारख्या दिसणाऱ्या तणाचे, बी त्या पाण्याखाली फारसे उगवत नाही. धूळवाफेत भात आणि पाखड एकाच पावसावर, बरोबरीने वर येतात. शिवाय राब (जमिनीवर पसरलेला पालापाचोळा) भाजल्याने तरव्याच्या जागेवरचे तणाचे बी जळते, तो फायदाही येथे मिळत नाही.

म्हणून सर्वांत आधी, आदल्या खरिपात भात निसवत (लोंब्या बाहेर पडत) असताना, तणाची नोंद करावी. ही नोंद नव्हती म्हणून आमचे एक खाचर बेणणीच्या, म्हणजे तण काढण्याच्या, मजुरीतच बुडाले. कोणत्या खाचरात कोणते तण आहे, बांधाकडेला की मधोमध, हे वहीत लिहावे. आठवणीवर विसंबू नये. कोवळे पाखड भातासारखेच दिसते, तेव्हा रोप उपटून पान खोडाला जुळते तो सांधा पाहावा: भाताला तेथे पातळ पापुद्रा आणि केसाळ कान असतात, पाखडाला दोन्ही नसतात.

पाखडाने भरलेले खाचर लावणीलाच ठेवावे. लव्हाळा या गाठीच्या तणाची नोंद वेगळी करावी, कारण तो चिखलात सहसा दबतो, पण रब्बीत पाणी देऊन कलिंगड किंवा भाजी घेतलेल्या जमिनीत जोमाने वाढतो. नांगराने त्याच्या गाठींची साखळी तुटते आणि सुट्या झालेल्या गाठी नव्याने फुटतात. अशा जागी धूळवाफ करू नये. हे कळण्यासाठीसुद्धा नोंदच लागते. ती केल्याशिवाय बियाणे विकत घेऊ नये.

बियाणे 3 टक्के मिठाच्या पाण्यातून काढावे. शेणखत पूर्ण कुजलेले हवे, कारण गुरांच्या पोटातून तणाचे पुष्कळ बी जिवंत बाहेर पडते. वळवाच्या सरींवर उगवलेले तण पेरणीपूर्वी उथळ मशागतीने मोडावे. खोल नांगरल्यास खालचे जुने बी वर येते.

पेरणीनंतरचे पहिले सहा आठवडे बेणणीसाठी माणसे आधीच बोलून ठेवावीत. तणनाशक नोंद पाहून निवडावे: दरवर्षी केवळ 2,4-डी मारल्यास रुंद पानांचे तण जाते आणि मोकळ्या जागेत गवत माजते. बांधावरचे तण बी धरण्यापूर्वी कापावे. भात निसवला की वही घेऊन पुन्हा फिरावे.